पंचवीस पावलांचा इतिहास

आमच्या घराण्यात शौर्याची परंपरा नाही. आमच्या नावावर एकही लढाई नाही. भाऊबंदकीचा एक दावा होता, तोही तडजोडीने मिटला. असे असूनही आमच्या घरात एक बंदूक होती. माजघराच्या भिंतीवर, दत्ताची तसबीर आणि टिळकांचा फोटो यांच्या मधोमध, दोन खुंट्यांवर ती आडवी असे. पाहुणा आला की आधी दत्ताला हात जोडी, मग टिळकांकडे आदराने पाही आणि शेवटी बंदुकीकडे बघून हळूच विचारी, "ही खरी आहे?"

या प्रश्नाने आमचे आजोबा, म्हणजे तात्या, फार दुखावत. बंदूक खरी होती, विलायती होती, परवान्याची होती. तिचा दोष एकच: ती लहान होती. एकनळी, हलकी, आणि नळीचे तोंड एवढेसे की त्यात माझी करंगळी कशीबशी शिरे. (शिरली होती. निघायला खोबरेल तेल लागले.) कोयनेच्या खोऱ्यातल्या ज्यांच्याकडे बंदुका होत्या, त्यांच्या बारा बोअरच्या होत्या. आमची चारशे दहा. ती पाहून एका म्हाताऱ्या धनगराने विचारले होते, "गुर्जी, ही बंदूक हाय का रंगपंचमीची पिचकारी?"

ती तात्यांकडे आली तीही शिकवणीपोटी. इंग्रज अधिकाऱ्यांना मराठीची परीक्षा द्यावी लागे. साताऱ्याला असताना तात्यांनी अशाच एका साहेबाकडून 'मी केले' आणि 'मी गेलो' यांतला फरक दोन वर्षे घोटून घेतला. १९४७ साली साहेब निघाला तेव्हा त्याने फीऐवजी ही बंदूक दिली आणि तिच्यासोबत शिकारीवरची तीनचार इंग्रजी पुस्तके. परवान्याच्या अर्जावर कारण लिहिले 'पीकसंरक्षण'. पीक म्हणजे परसातला वालाचा वेल. पुढे त्याच पुस्तकांत तात्यांना शोध लागला, की विलायतेत चारशे दहाची बंदूक बारा वर्षांच्या पोराला पहिली बंदूक म्हणून देतात, नाहीतर माळी बागेतले उंदीर-ससे मारायला वापरतो. तात्या दोन दिवस जेवले नाहीत असे आजी सांगे. आजीचे स्वतःचे मत असे, की उंदरांसाठी एवढे सोंग कशाला, घरात मांजर आहे की.

आता या आकड्यांचा घोळ जरा सोडवून सांगतो, कारण तात्यांनी तो मला छडी हातात घेऊन शिकवला आहे. एक रतल शिसे घ्यायचे, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्यात तर वीस बोअर, अठ्ठावीस केल्यात तर अठ्ठावीस. म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढी बंदूक लहान. वर्गातल्या नंबरासारखेच हे. चारशे दहा मात्र या हजेरीपटावर नाही. तिच्या नळीचा व्यास ०.४१० इंच, म्हणून ती चारशे दहा. जुन्या हिशेबाने मोजली तर तिचा नंबर साधारण ६७वा लागतो. आमच्या वर्गात साठ मुले असत. ६७वा नंबर म्हणजे वर्गाबाहेर, पाण्याच्या पिंपाजवळ.

छऱ्यांचेही तसेच. आकडा वाढला की छर्रा बारीक. सहा नंबरचे छर्रे विलायती मापाने औंसाला २७० भरतात. बारा बोअरच्या काडतुसात ते साधारण तीस ग्रॅम असतात, आमच्या काडतुसात जेमतेम चौदा. छर्रे नळीतून सुटले की पसरत जातात, हवेत जणू एक चाळण उभी राहते. मोठ्या बंदुकीची चाळण दाट. लहान बंदुकीची चाळण पंचवीस पावलांपर्यंत दाट राहते, पुढे तिची भोके मोठी होत जातात. त्या भोकांतून अख्खा पक्षी निसटू शकतो. निसटला तर उत्तम. वाईट ते, की दोन छर्रे पंखात आणि एक पायात घेऊन निसटतो. म्हणून तात्यांचा नियम होता, पंचवीस पावलांच्या पुढे चाप ओढायचा नाही. "मोठी बंदूक माणसाला आळशी करते," ते म्हणत, "लहान बंदूक जवळ जायला शिकवते." ही तत्त्वे नाइलाजातून जन्मली होती. पण जगातली बरीचशी तत्त्वे तशीच जन्मतात.

तात्यांची शिकार एकाच पाखराची, रानकोंबड्याची. आणि इथे त्यांनी आपल्या उंदीरमार बंदुकीचा सूड उगवला. साहेबाच्या पुस्तकात फेझंट या पक्ष्याचे इतके कौतुक होते, की तो देवलोकीचा प्राणी वाटावा. तात्यांनी पुस्तक नीट वाचले तेव्हा निघाले काय, की रानकोंबडा हा फेझंटच्याच घराण्यातला. मोर त्यातलाच, तित्तिर-लावे त्यातलेच, आणि खुराड्यातली कोंबडीही त्यातलीच. तेव्हापासून तात्या गावात सांगू लागले, "मी फेझंटला जातो." गाव म्हणे, गुर्जींची कसलीतरी इंग्रजी परीक्षा आहे.

या फेझंटचे नाव मुळात एका नदीचे आहे. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्जियात, रिओनी नावाची नदी आहे. ग्रीक तिला फासिस म्हणत आणि त्या मुलुखाला कोल्खिस. सोन्याच्या लोकरीसाठी निघालेला जेसन आपले जहाज घेऊन इथेच आला, आणि परत जाताना लोकरीबरोबर हे पाखरूही ग्रीसला घेऊन गेला अशी कथा आहे. लिनिअसने १७५८ साली त्याचे शास्त्रीय नाव ठेवताना नदी आणि मुलूख दोन्ही घातले: फासियानस कोल्चिकस. आपण पैठणीत गाव घातले तसे. पुढे माणसाने त्याला जगभर नेले. शांघायमधला अमेरिकन वकील ओवेन डेनी याने १८८१ साली चिनी फेझंट ओरेगॉनला पाठवले. पहिली खेप बहुतेक वाटेतच मेली. पुढच्या वर्षी दुसरी पाठवली, ती रुजली, इतकी की दहा वर्षांत त्यांची शिकार खुली झाली. साउथ डकोटाने तर १९४३ साली या चिनी पाहुण्याला आपला राज्यपक्षी करून टाकले. रेशनकार्ड आमच्याकडे याहून उशिरा मिळते.

आपल्याकडचे फेझंट हिमालयात. त्यातला देखणा मोनाल, म्हणजे नेपाळी लोकांचा डांफे. त्याला शास्त्रात नाव आहे लेडी इम्पीचे. या बाईंनी कलकत्त्याला पशुपक्ष्यांचा संग्रह बाळगला होता. त्यांचे यजमान म्हणजे नंदकुमाराला १७७५ साली फाशी देणारे सरन्यायाधीश. एकाच घरात नवऱ्याने माणूस टांगावा आणि बायकोने पाखरे पाळावीत, हे पाहून आमच्या सौ.ना आपला संसार फार सुसंवादी वाटतो. आमच्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याला फ्रेंच प्रवासी सोनेरा याचे नाव मिळाले. त्याने १७८२ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या कोंबड्याची हकीकत दिली, म्हणून १८१३ साली तेमिंक नावाच्या डच पंडिताने बारसे करताना त्याचे नाव दिले. आमच्या धनगराचे आजे-पणजे तो कोंबडा पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. पण त्यांनी पुस्तक छापले नव्हते.

योगायोग असा, की त्याच १७८२ साली तिकडे ब्रिस्टलमध्ये विल्यम वॉट्स नावाच्या प्लंबरने गोल छर्ऱ्यांचे पेटंट घेतले. तोवर छर्रे वेडेवाकडे होत आणि वाटेल तिकडे जात. सांगतात, की शिशाचा पाऊस पडतो आहे असे स्वप्न पडले (कोणी म्हणते त्याला, कोणी म्हणते बायकोला). पठ्ठ्याने राहत्या घरावरच मनोरा चढवला, वरून वितळलेले शिसे चाळणीतून सोडले, खाली पाण्यात धरले. पडता पडता थेंब आपसूक गोल झाले. पुढे बांधकामाच्या धंद्यात पडून त्याने मिळवलेले घालवले. स्वप्नावरून घर वाढवणाऱ्याने बांधकामात पडू नये. मनोरा मात्र १९६८ सालापर्यंत उभा होता.

छर्रा गोल झाला तरी पक्षी शहाणाच. तेव्हाच्या गारगोटीच्या बंदुकीत चाप ओढला की आधी वर ठिणगी उडून दारू भडके, मग आतला बार पेटे. त्या मधल्या क्षणात पाण्यातला पक्षी उजेड पाहून बुडी मारी. स्कॉटलंडच्या बेलहेल्वी गावचा पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ शिकारीचा षौकीन. रविवारी प्रवचन आणि एरवी ही फजिती. शेवटी त्याने ठोक्याने पेटणारी दारू वापरून बंदुकीचा नवा खटका बनवला आणि १८०७ साली पेटंट घेतले. भडका नाही, उशीर नाही. चार बदके हुकली म्हणून एका धर्मगुरूने जी युक्ती काढली, तिच्यावर पुढे जगातल्या फौजा लढल्या. तात्या हे सांगताना थांबत आणि म्हणत, "बाळ, माणसाची चीडसुद्धा फार जपून वापरायची वस्तू आहे."

मग मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, आणि साहेबाच्या देशात शिकारीचा कारखाना झाला. फेझंट अंडी उबवून पाळायचे, रानात सोडायचे, हाकाऱ्यांनी उठवायचे आणि डोक्यावरून उडताना पाडायचे. मागे दुसरी बंदूक भरून द्यायला माणूस उभा. तिकडे एक म्हणच होती, की पाखरू वर गेले तेव्हा एक गिनी उडाली, काडतुसाचे दीड पेनी गेले, आणि खाली आले ते अडीच शिलिंग. एकवीस शिलिंग घालून अडीच मिळवायचे. आमच्या घराण्यातही असे धंदे झाले, पण त्यांना आम्ही खेळ म्हटले नाही. १८ डिसेंबर १९१३ या दिवशी बकिंगहॅमशरमधल्या हॉल बार्न इथे अशा शिकारीत ३,९३७ फेझंट पडले. त्यातले हजाराच्या वर एकट्या बादशहा पंचम जॉर्जने पाडले. हो, तेच. १९११ साली अपोलो बंदरावर उतरले म्हणून ज्यांच्यासाठी आपण गेटवे ऑफ इंडिया बांधला ते. परतीच्या वाटेवर बादशहा गप्प होते, आणि शेवटी मुलाला म्हणाले, की आज आपले जरा जास्तच झाले असावे. बादशहाला हे कळायला चार हजार पक्षी लागले. आमच्या तात्यांना एक पुरला.

ते वर्ष १९६३. त्याच वर्षी सरकारने मोराला राष्ट्रीय पक्षी केले आणि तात्या म्हणाले, "चला, घराण्यातला एक जण तरी सरकारी नोकरीत चिकटला." मी अकरा वर्षांचा होतो. नाताळच्या सुट्टीत गावी गेलो की तात्या एक दिवस मला बरोबर नेत. आजी माळकरी, तिच्या चुलीला हे चालत नसे. गोठ्यामागे तीन दगडांची वेगळी चूल होती, वेगळा तवा होता, आणि तिथे तात्या स्वतः वाटण वाटत. आजी तिकडे पाठ करून बसे, आणि पाठमोरीच सांगे, "धणे जास्त घालू नका."

त्या पहाटे आम्ही तिघे निघालो. पुढे धनगर, मध्ये तात्या, मागे मी. थंडी अशी, की दातांचा आवाज रानाला ऐकू जाईल म्हणून मी तोंडात मफलर कोंबला होता. तासभर ओढ्याच्या काठाने गेलो. मग कारवीत पाचोळा उकरल्याचा आवाज आला. धनगराने नुसती हनुवटी वर केली. रानकोंबडा समोर उघड्यावर आला होता. मानेवरच्या पिसांच्या टोकांना पिवळट ठिपके, जणू कोणी पत्र बंद करताना लाखेचे थेंब सांडावेत. ही पिसे साहेबलोक विलायतेला नेत आणि त्यांचे गळ बनवून स्कॉटलंडच्या नद्यांत सामन मासे धरत. आमच्या कारवीतले पीस पाहून तिकडचा मासा फसावा!

तात्यांनी बंदूक उचलली. अंतराचा अंदाज घेतला. आणि खाली केली. लांब होता. जवळ सरकायला जागा नव्हती. तात्या धनगराकडे पाहून नाही अशी मान हलवणार, तेवढ्यात मी मफलर काढून कुजबुजलो, "तात्या, मारा ना!"

का म्हणालो? थंडी होती, भूक होती, आणि शाळेत जाऊन सांगायचे होते. तात्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसले कोण जाणे. जगातला कुठलाही आजोबा नातवासमोर 'माझी बंदूक तेवढी पोचत नाही' असे म्हणू शकत नाही. त्यांनी पुन्हा बंदूक लावली आणि बार काढला.

पिसे उडाली. कोंबडा कोलमडला, उठला, आणि एक पंख ओढत करवंदीच्या जाळीत शिरला. आम्ही धावलो. दहा वाजले, बारा वाजले. तात्या बासष्ट वर्षांचे. हातापायांवर रांगत जाळ्यांत शिरत होते. धोतर फाटले, हात ओरबाडले. धनगर दोनदा म्हणाला, "गुर्जी, ऱ्हाऊ द्या, गेला त्यो." तात्या ऐकेनात. आणलेली भाकरी कोणी सोडली नाही. दिवस मावळला तेव्हा आम्ही परत निघालो. निघण्यापूर्वी तात्या पहिल्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि जिथे कोंबडा होता तिथपर्यंत, वर्गात फेऱ्या घालताना टाकत तशी, मोजून पावले टाकत गेले.

दुसऱ्या दिवशी धनगर आला. रात्री कोणा रानमांजराने काम पुरे केले होते. त्याने मानेची तेवढी दोनतीन पिसे आणून ओटीवर ठेवली. तात्यांनी ती पोथीत घातली, आणि रोजनिशीत लिहिले: "अडतीस पावले. चूक माझी." शिक्षकाचे अक्षर, खाली रेघ.

चूक माझी होती. हे मी तेव्हा बोललो नाही, नंतरही नाही. सलीम अलींच्या लहानपणी, १९०८च्या सुमारास, त्यांनी छऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. माझ्या तोंडून तीन शब्द पडले आणि देशाला काहीच मिळाले नाही. फक्त गोठ्यामागची चूल विझली.

बंदूक पुन्हा खुंट्यांवर गेली ती कायमची. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपात ती भिंत पडली. दत्ताची काच फुटली, टिळकांची चौकट निखळली, बंदुकीला ओरखडा नाही. मग ती पत्र्याच्या ट्रंकेत गेली. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला तेव्हा तात्यांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाले, "बरं झालं. आता कोणी विचारलं तर कायद्याचं नाव सांगता येईल." १९९१च्या दुरुस्तीने शिकारीच्या उरल्यासुरल्या वाटाही बुजवल्या, ते पाहायला तात्या नव्हते.

परवाना वडिलांकडे आला, मग माझ्याकडे. बंदुकीने पुढे एकच काम केले. निवडणूक लागली की पोलीसठाण्यात जाऊन बसायचे, आणि निकाल लागला की घरी यायचे. उमेदवारांच्या आधी तिला निवडणुकीची खबर लागे. ठाण्यातही तिला तिच्या गोत्यातले भेटत असतील. इंग्रजांच्या वेळी इशापूरच्या कारखान्यात.३०३ रायफली बदलून .४१०च्या मस्केटी केल्या होत्या आणि त्या पोलिसांना दिल्या होत्या. काही वर्षांपूर्वी मी ती कायमची जमा केली. कागद भरणाऱ्या तरुण अंमलदाराने विचारले, "आजोबा, शेवटची कधी चालली ही?" म्हटले, "१९६३." त्याने लिहिता लिहिता मान वर केली. "मग इतकी वर्षं ठेवली कशाला?" याला रकाना नव्हता, म्हणून मीही उत्तर दिले नाही. पोथीतल्या पिसांचा प्रश्न कसरीने परस्पर सोडवला होता.

आता तात्यांचे ते रान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या अंगणात आहे. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून तो प्रकल्प झाला. आणि रानकोंबड्याबद्दल २००८ साली शास्त्रज्ञांनी जे सांगितले ते ऐकायला तात्या हवे होते. कोंबडीचे घराणे लाल रानकोंबड्याचे, हे डार्विनपासून सांगत आले. पण पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा, तिचे पिवळे पाय, हे मात्र आमच्या राखी रानकोंबड्याकडून आलेले निघाले. जगभरच्या खुराड्यांत आमच्या कारवीतला वारसा उभा आहे. हल्ली चिकनच्या दुकानासमोरून जाताना मी पायांकडे पाहतो. सौ.ला वाटते मी भाव वाचतो आहे.

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन तिकडे गेलो होतो. पहाटे वळणावर गाडी थांबवली आणि खाली उतरलो. कारवीतून तो कोंबडा रस्त्यावर आला, मान ताठ, लाखेचे थेंब तसेच. नातवाने खिशातून मोबाईल काढला आणि कुजबुजला, "आजोबा, अजून जवळ जाऊ?"

"नको," मी म्हटले, "इथूनच."

कोंबडा आपला वेळ घेऊन रस्ता ओलांडून गेला. मग मी तो होता तिथपर्यंत चालत गेलो. पावले मोजली. बावीस भरली. नातू विचारत होता, आजोबा, काय मोजताय? माझ्या हातात चहाचा थर्मास होता. मी त्याला म्हटले, बस, सांगतो, आणि झाकणात चहा ओतला.